मुलीचा भाऊ

"मुलीचा भाऊ कुठाय? लाह्या कोण देणार?" पंडितजींनी तिसऱ्यांदा विचारलं.

भाऊ न्यूयॉर्कच्या विमानतळावर अडकून पडला होता. एकुलता एक, आणि नेमकं त्याचंच विमान उडालं नव्हतं. बांबूच्या मांडवात त्रिनिदादच्या पेनाल गावातली निम्मी माणसं घामाघूम होऊन बसली होती. लाह्यांचं सूप होमाशेजारी तसंच पडून होतं.

केझिया मागे पातेल्यांजवळ उभी राहून जेवणाची पानं पुसत होती. नवरीची मावसबहीण. केझियाची आई ही नवरीच्या आईची, फुलोमावशीची, धाकटी बहीण. बाप काळा, ख्रिस्ती, बंदरावर काम करणारा. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं. त्रिनिदादमध्ये अशा पोरांना डूगला म्हणतात. म्हणणारा हसत असला तर लाड, नाहीतर शिवी. केझियाला दोन्ही पोटभर मिळालं होतं. पूजेचं ताट मात्र तिच्या हाती कधी कुणी दिलं नव्हतं.

त्यात आता डेनीस. शहरात दोघी एकत्र संसार करत होत्या, आणि ते लपून राहिलं नव्हतं. मावशी मंदिरात पहिल्या ओळीत बसणारी बाई. लग्नाचं बोलावणं करताना ती फोनवर म्हणाली होती, "ये, पण एकटी ये. चारचौघांत मला मान खाली घालायला लावू नकोस." म्हणून डेनीसने केझियाला दारापर्यंत सोडलं आणि स्वतः रस्त्यापलीकडे गाडीत बसून राहिली. तिकडे सावलीला झाडही नव्हतं. केझियाचे डोळे सारखे त्या गाडीकडे जात होते. कुणी बघितलं की ती पुसलेलंच पान पुन्हा पुसायची.

"शेजारच्या कुणाला तरी उभं करा की," कुणीतरी म्हणालं.

"नको," नवरी बोलली. वैजंती तशी गरीब गाय, पण आज तिने मान वर केली. "मला केझियादीदीच्या हातून हव्यात."

"अगं, लाह्या द्यायला पुरुष लागतो," तिची काकू म्हणाली. "ही बाई आहे. आणि बाई तरी कसली..." पुढचं तिने गिळलं.

"परवा माटीकोरला चालली की! हळदीआधी बायकांनी नाच केला, तेव्हा काजळाच्या मिशा रंगवून हिला नवरदेव कुणी केलं? तुम्हीच ना, काकू? कमरेत हात घालून नाचलातही तुम्हीच," वैजंतीने सुनावलं.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकू लालबुंद झाली.

पंडितजींनी घड्याळ बघितलं. "मुहूर्त टळतोय. माहेरचं माणूस हवं, एवढंच. हे माणूस माहेरचं आहे की नाही ते मुलीच्या आईने सांगावं."

सगळ्यांच्या नजरा मावशीवर खिळल्या. मावशी उठली, सूप उचललं आणि थेट पातेल्यांकडे निघाली. आता ही मला घरी जायला सांगणार, असं केझियाला वाटलं.

"हात धू," मावशी म्हणाली आणि सूप तिच्यापुढे धरलं.

केझियाने वैजंतीच्या ओंजळीत लाह्या घातल्या. निम्म्या खाली सांडल्या. दोघी बहिणी रडत होत्या आणि हसतही होत्या. शेवटच्या मुठीला केझियाची नजर सवयीने पुन्हा रस्त्यापलीकडे गेली.

या वेळी ती मावशीने पकडली. क्षणभर मावशीही तिकडेच बघत राहिली. मग तिने रिकामं सूप काकूच्या हातात दिलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"भाऊ मांडवात आणि वहिनी उन्हात? ही कुठली रीत? जा, घेऊन ये तिला."