एकाच गवतावरच्या शेळ्या

मातीना नदीकाठच्या केळीबागांवर कंपनीचं विमान बुरशीचं औषध फवारून गेलं, ते आसपासच्या गवतावरही पडलं आणि आठवड्याभरात यॉर्लेनीच्या सगळ्या शेळ्या मेल्या. त्यांच्या दुधाचं चीज विकूनच तिचं घर चालायचं. शेजारच्या ग्रिसेल्दाच्या शेळ्या मात्र त्याच गवतावर चरूनही धडधाकट राहिल्या.

“माझ्यावर जळतेस म्हणून विष घातलंस ना, सटवे!” यॉर्लेनी कुंपणावरून ओरडली.

“विष कशाला हवंय? तुझं थोबाड बघूनच मेल्या असतील,” ग्रिसेल्दानं सुनावलं.

दोघी झिंज्या उपटायला निघाल्या, तेव्हा चर्चच्या पाद्र्यांनी गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं मेलेल्या शेळ्यांची आतडी तपासली. पोटातले काही जिवाणूच त्या औषधाचं जहर करतात, असं त्यानं सांगितलं. ग्रिसेल्दाच्या शेळ्यांना नेमकी फवारणीच्या आधी हगवण लागली होती. तिनं दिलेल्या गोळ्यांनी ते जिवाणू मेले, म्हणून शेळ्या वाचल्या.

यॉर्लेनीनं माफी मागितली नाही, ग्रिसेल्दानंही ती मागायला लावली नाही. डॉक्टरला घेऊन दोघी तडक कंपनीच्या साहेबासमोर जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरनं सगळं पुन्हा समजावलं.

“आता तरी ते विमान बंद करा,” ग्रिसेल्दा म्हणाली, “नाहीतर पुढच्या खेपेला माझ्याही मरतील.”

साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो खुर्चीत मागे रेलला.



“म्हणजे आमचं औषध चांगलंच आहे, बाई. खोट तुमच्या शेळ्यांच्या पोटात आहे.”