तुळजाबाईसाठी

"ह्याला आवाज किती येतो?" सरुबाईनं विचारलं आणि मोबाइलवरचं जांभळं चित्र दोन बोटांनी ओढून मोठं केलं.

मांजरी गावातल्या त्या घरात दुपारची सामसूम होती. सासरे आप्पासाहेब पडवीत झोपले होते आणि आतल्या खोलीत दोघी जावा कडी लावून बसल्या होत्या. थोरली सरुबाई पन्नाशीला टेकलेली. धाकटी उत्कर्षा खराडीच्या आयटी कंपनीतली, आज घरून काम करणारी. दोघींच्या मध्ये मोबाइल, आणि मोबाइलवर व्हायब्रेटरांची ही रांग.

"मला न्हाई पायजे," सरुबाईनं आधीच बजावलं होतं. "समोरच्या तुळजाबाईला पायजे. तिला इचारायची लाज वाटती."

उत्कर्षानं मान डोलावली होती. तुळजाबाईची जीभ अख्ख्या मांजरीला ठाऊक. लाज तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे.

पाण्याची मोटर असो की मिक्सर, सरुबाईनं दुकानदाराला घाम फोडल्याशिवाय या घरात मशीन आली नव्हती. इथंही तिचे प्रश्न तेच होते.

"सेलवर चालतं का चार्जिंगवर?"

"चार्जिंगवर."

"धुतलं तर बिघडायचं?"

"वॉटरप्रूफ आहे, आक्का. मऊ सिलिकॉन. वापरायच्या आधी आणि नंतर धुवायचंच."

"आन् ह्ये?" सरुबाईनं पुढचं चित्र पाहिलं आणि मोबाइल लांब धरला. "अगं बया! ही तर बोअरची मोटर झाली!"

एकीनं तोंडावर पदर दाबला, दुसरीनं उशी. पडवीत आप्पासाहेब खोकले तसं हसू आवरायला गेल्या, आणि ते आणखीच फुटलं.

"पहिलंच असलं ना, की लहान घ्यावं," उत्कर्षा डोळे पुसत म्हणाली. "स्पीड कमी-जास्त करता येणारं. आधी तळहातावर लावून बघायचं. नाही आवडलं तर बंद. परीक्षा थोडीच आहे?"

"तुला गं कसं म्हाईत एवढं?"

"आहे माहीत," उत्कर्षा म्हणाली. सरुबाईनं तिच्याकडे नीट बघून घेतलं.

ती पुन्हा जांभळ्या चित्रावर आली. अंगठ्याएवढं, गुळगुळीत. घराला काय लागतं ते बघण्यात वर्षं गेली होती. आपल्याला काय आवडतं, हे बघायचं राहूनच गेलं होतं. हे मात्र तिला आवडलं होतं, अगदी मनापासून.

"ह्येच घे. तिला आवडंल."

"बरं." उत्कर्षाचा चेहरा एकदम साळसूद झाला. "मग पत्ता तुळजाबाईंचाच टाकते. पार्सल थेट त्यांच्या हातात."

सरुबाईचा तळहात मोबाइलवर आपटला. पार्सल तिकडं गेलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, हे तर खरंच. पण हात आपटला तो त्यासाठी नव्हे. ते जांभळं दुसरीच्या घरी जाणार, हे तिला सोसवेना.

"नगं," ती म्हणाली. मग अगदी हळू, "माझं नाव टाक."

उत्कर्षानं टाकलं.

पार्सल आलं तेही दुपारीच. साधं खाकी खोकं, वर फक्त सरुबाईचं नाव. घेतलं नेमकं आप्पासाहेबांनी.

"काय मागवलंस गं?"

"मशीन हाय, मामंजी."

"कसली?"

"बारकी."

आप्पासाहेबांनी खोकं हातात तोलून बघितलं, तिला दिलं. "धाकलीला सांग, आधी हळदकुंकू लाव म्हणावं," म्हणाले आणि कुशीवर वळले.

त्या घराची रीतच होती ती. ट्रॅक्टर असो नाहीतर मिक्सर, हळदकुंकू लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. नवरा गेल्यापासून सरुबाई ताट तयार करायची, पुढं सरकवायची आणि चार पावलं मागं उभी राहायची. मागं हो, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. पुढं ये, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आतल्या खोलीत खोकं उघडलं. चित्रापेक्षा देखणं निघालं. सरुबाईनं देव्हाऱ्यातलं ताट आणून ठेवलं, आणि उत्कर्षाचं बोट सवयीनं करंड्याकडे गेलं.

सरुबाईनं ताट आपल्याकडे ओढलं.

"तू ऱ्हाऊ दे. ह्ये माझं हाय."

तिनं खोक्याच्या झाकणावर हळद लावली, मग कुंकू. टिकली जरा वाकडी झाली.

"नारळ फोडायचा का, आक्का?" उत्कर्षानं कुजबुजत विचारलं.

"गप. जा आता तू."

उत्कर्षा हसत बाहेर गेली. सरुबाईनं कडी लावली आणि ती चिमुकली मशीन तळहातावर घेतली. बोटाला कुंकू लागलेलं होतं. पदराला न पुसता तिनं त्याच बोटानं बटण दाबलं.