आठपदरी भाऊबंदकी

रस्ते माणसांना जोडतात, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. आमच्या दोन काकूंना मात्र रस्त्याने भांडणापुरतं अंतर दिलं होतं. सख्ख्या जावा, घरं समोरासमोर, मध्ये कच्चा रस्ता. वीस वर्षं रोज सकाळी दारातूनच जुंपायची. मग आयटीनगरी वाढत वाढत उंबऱ्याशी आली आणि रस्ता आठपदरी झाला. आवाज पलीकडे पोचेना. “गप्प बसले तर तिला वाटेल, मी हरले,” म्हणत थोरलीने पदर खोचला आणि पादचारी पूल गाठला. ब्याण्णव पायऱ्या ती चढली, तेवढ्याच उतरली. धाकटीने दार उघडलं, तेव्हा थोरलीला धापेमुळे नुसतं बोट उगारता आलं. “आधी पाणी प्या जाऊबाई, मग तोंड सोडा. विषय कुठला आज?” “तोच. नळावर पहिला हंडा कोणाचा.” दोघींनी दारातून रस्त्याकडे पाहिलं. नळ तिसऱ्या लेनखाली जाऊन चार महिने झाले होते.