कठडा तुटला तिथं

पोलादपूर मागं पडलं आणि घाटात धुकं इतकं दाटलं, की बुधाजीनं लॉरी थांबवली.

लालबागची माणसं संयुक्त महाराष्ट्रासाठी प्रतापगडच्या निदर्शनांना निघाली होती. उजाडून वेळ झाला होता, पण समोरचा रस्ता दिसेना. उजव्या हाताला दरी आणि तिच्या कडेचा दगडी कठडा जागोजाग ढासळलेला.

"सगळे उतरा, मागनं चालत या," बुधाजी म्हणाला. "कुणीतरी पुढं चालून हाक देत राहा. तेवढ्यावर गाडी आणतो."

"मी चालतंय," सुंदराबाई म्हणाली. "घाट माका नवो नाय."

"सांभाळून, मावशी."

मावशी! तिच्या अंगाची लाहीलाही झाली. गेल्या वर्षी गोळीबाराच्या दिवशी याच बुधाजीनं पोलिसांना चाळीचा मागचा जिना दाखवला होता. तिनं गॅलरीतून स्वतः पाहिलं होतं. त्याच जिन्यावर तिचा थोरला, रामू, गोळी लागून पडला. आणि आता हा छातीवर समितीचा बिल्ला लावून सगळ्यांच्या पुढं! धाकटा शिवा तर त्याच्याच हाताखाली गाडी शिकत होता; आताही तो बाकीच्यांबरोबर मागं उतरला होता. पण तिनं कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता, शिवाजवळही नाही. पोर तापट, सुरा घेऊन धावेल आणि फासावर जाईल. सूड घ्यायचा तो आपणच.

कठड्याला हात लावत ती चालू लागली. "या... या..." मागनं लॉरी घुरघुरत येत होती.

एका वळणावर तिचा हात हवेत गेला. कठडा संपला होता. रस्ता डावीकडं वळला होता आणि समोर दोन बैलगाड्या जातील एवढं खिंडार.

सुंदराबाई क्षणभर थबकली. मग चाचपडत पलीकडच्या टोकाला गेली, उरल्या कठड्याला घट्ट धरून उभी राहिली.

"सरळ या! सरळ!"

दिव्यांचे दोन पिवळे डाग तिच्या अंगावरून गेले. दगड घरंगळले. मग काहीच नाही. मग खूप खालून एकच आवाज.

"झालां रे रामू," ती पुटपुटली. "झालां."

मागनं धावती पावलं आली. धुक्यातून बुधाजी बाहेर आला. खिंडारापाशी जाऊन त्यानं खाली वाकून पाहिलं.

"माझी नजर चालेना, मावशी. शिवा म्हणाला, तुम्ही उतरा. आईच्या हाकेवर मी डोळे मिटून गाडी नेतो."