समुद्राच्या तळाशी बसलेली

माझी सून दिवसभर समुद्राचा तळ बघते, पण सासूकडे मान वर करून बघायची नाही. जहाजांनी घेतलेली खोलीची कोट्यवधी मापं कॉम्प्युटरात ओतली, की एक फुकटचं सॉफ्टवेअर तळाचं चित्र काढतं. त्याच्या चुका जगभरचे लोक मिळून दुरुस्त करतात.

आज त्या चित्रात तळाशी खुर्चीत बसलेली म्हातारी निघाली. नाक माझंच, तोराही माझाच.

"सॉफ्टवेअरची चूक आहे, आई. उद्या साहेबांना चित्र दाखवायचंय. सगळ्यांना कळवलंय, पुसतायत."

चित्रातल्या म्हातारीचे पाय पुसले गेले. मी खाली पाहिलं. चपला होत्या, पाय नव्हते.

मग तिचे गुडघे विरायला लागले.

"सूनबाई, आत्ताच्या आत्ता कळव त्या दीडशहाण्यांना, ही चूक नाही, सासू आहे!"