चाळणीभर मासोळ्या

"अरे मेल्या, चपला नंतर काढ, आधी हे बघ!"

भाऊ अजून उंबऱ्यातच होता. ताईने पातेलं त्याच्या नाकाखाली धरलं. आत लाल शेपटीच्या, बोटाएवढ्या मासोळ्या, काठोकाठ.

"आयला! या कुठे मिळाल्या तुला?" पन्नाशीच्या माणसाचा आवाज एकदम शाळकरी झाला.

या मासोळ्यांनी दोघांना काय छळलं होतं! आईच्या जुन्या चादरीची दोन टोकं दोघांनी धरायची, नदीच्या गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, श्वास रोखायचा. ऐन वेळी हा हमखास शिंकायचा. मासोळ्या पसार. मग ताई त्याला तिथेच बुचकळून काढायची. हाती लागलेल्या चार-दोन आई तळायची आणि शेवटच्या एकीसाठी दोघांची झिंज्या ओढून मारामारी. काय दिवस होते ते! पुढे मासोळ्या दिसेनाशा झाल्या. कधी, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"चादरीचं दुसरं टोक कुणी धरलं मग?"

"चादर कशाला? पुलाखाली नुसत्या वर आल्या होत्या. चाळणीनं गोळा केल्या. आज तू शिंकला असतास तरी हलल्या नसत्या!" हसत हसत ताई गॅसकडे वळली. कढईत तेल तापलं होतं.

भावाचं हसू मावळलं. पुलाच्या वरच्या अंगाला त्याचीच बाग. सकाळी फवारणी उरकून त्याने पंप नदीत खळखळून धुतला होता. सगळेच धुतात. वाहतं पाणी आहे, घेऊन जातं, असं तोच सगळ्यांना सांगायचा.

"ताई, गॅस बंद कर."

"का? साहेब जेवून आलेत वाटतं?"

"या खायच्या नाहीत." त्याने पातेलं ओढून घेतलं. "सकाळी मी औषधाचा पंप धुतला. वर, नदीत."

"अक्कल काय गहाण ठेवली होतीस?" ताई कडाडली. भाऊ मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं. तिने गॅस बंद केला.

मग पातेल्यातली एक मासोळी तिने तळहातावर घेतली. अंगठ्यानं तिची दुमडलेली शेपटी सरळ केली.

"मला वाटलं, परत आल्या," ती म्हणाली. "म्हणजे गेल्याच नव्हत्या रे. इतकी वर्षं इथेच होत्या."