तानाबाईच्या मेथीतला पाहुणा

समता मॅडमनी खोक्यावरची चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचून दाखवली. "हे हवामान मोजण्याचे उपकरण आहे. यापासून कोणताही धोका नाही. सापडल्यास खालील क्रमांकावर कळवावे." चिठ्ठी इंग्रजीत होती, हिंदीत होती आणि खाली मराठीतही होती. बुटाच्या डब्याएवढं थर्माकोलचं खोकं, त्याला दोरीनं बांधलेली नारिंगी छत्री आणि फुटलेल्या फुग्याचं रबर, एवढाच सगळा पसारा. पण खोक्याला हळदकुंकू लागलं होतं, शेजारी नारळ फुटला होता आणि मेथीच्या वाफ्यात उदबत्त्या खोचल्या होत्या.

"मराठीत लिवलं म्हंजे पहा," पंजाबराव गर्दीला म्हणाले. गावातले वजनदार गृहस्थ, नारळ त्यांचाच. "तिकून आभायातून येऊन त्यायनं आपली भाषाबी शिकून घेतली. किती पुढं गेले असतीन!"

मॅडमना हसू यायला हवं होतं, आलं नाही. गावच्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. फुगा वर का जातो, हे या गर्दीतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच फळ्यावर काढून दाखवलं होतं. तीच मंडळी आता चपला बांधावर काढून मेथी तुडवत उभी होती. खोकं उचलून शाळेत न्यावं म्हटलं, तर कोणी हात लावू देईना.

शेत तानाबाईचं. सकाळपासून ओरडून तिचा घसा बसला होता. आता ती बांधावर, तुडवलेल्या कोथिंबिरीशेजारी बसून होती.

"तुमचं ऐकतीन म्हून तुमाले बलावलं मॅडम," ती म्हणाली. "सांभार तं सगळा गेला. मेथी तरी वाचवा. उद्या बाजारात काय घिऊन बसू मी?"

गर्दी आपोआप आलेली नव्हती. ती हर्षलच्या मोबाइलमधून येत होती. हर्षल मॅडमचा जुना विद्यार्थी, विज्ञान प्रदर्शनात तालुक्यातून पहिला आलेला. सकाळपासून तो वाफ्याच्या मधोमध उभा राहून लाइव्ह दाखवत होता. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्या गावात एलियन उतरला?' शेवटचं प्रश्नचिन्ह तेवढं त्यानं इमानदारीनं टाकलं होतं. ते पाहून शेजारच्या गावांतून जीप भरभरून माणसं येत होती.

मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. "हर्षल, हा हवामानाचा फुगा आहे. तुला माहीत आहे."

"हाव मॅडम. पाह्यल्याबरोबर वयखला." तो जरासुद्धा लाजला नाही. "पण फुगा पाहाले कोण येते?"

"बंद कर ते. त्या बाईचं शेत बघ जरा."

त्यानं शेताकडे पाहिलं. वाईट वाटलं असावं. पोरगा मुळात वाईट नव्हता. "करतो बंद. लाइव्ह बंद झालं का लोकं जातेत आपापल्या घरी. पण त्याच्याआंधी तुमी एका प्रश्नाचं उत्तर द्या. एकच. मंग लगेच बंद, मायची शपथ."

प्रश्न कोणता, ते मॅडमना न सांगताच कळलं.

हर्षलनं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. "मॅडम, तुमी विज्ञानाच्या शिक्षिका. सगळ्यायले सांगा, पृथ्वीच्या बाहेर कुठं जीव असू शकते का?"

उत्तर त्यांना पाठ होतं. असू शकतो. इतके तारे, त्यांच्याभोवती इतके ग्रह. अजून पुरावा सापडलेला नाही, पण नाहीच, असं कुणालाही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. दर वर्षी आठवीच्या वर्गात हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या अंगावर काटा यायचा. सगळ्या वर्षात त्यांचा सगळ्यात आवडता तास तोच. पण यातलं 'असू शकतो' एवढंच कापून घेतलं जाणार, त्यावर 'विज्ञान शिक्षिकेची कबुली' असं लाल अक्षरांत लिहिलं जाणार, आणि उद्या चिखलीपासून देऊळगाव राजापर्यंतची माणसं या वाफ्यात उभी राहणार, हेही त्यांना तितकंच पाठ होतं.

पंजाबरावांनी आधीच हात जोडले. तानाबाई बांधावरून मॅडमच्या तोंडाकडे पाहत होती.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "कुठंच नाही. पृथ्वी सोडली तर सगळं रिकामं आहे."

"नक्की?"

"नक्की."

हर्षलनं शब्द पाळला, मोबाइल बंद करून खिशात टाकला. गर्दी सैल झाली. कुणी चपला शोधू लागलं, कुणी पोरांना हाका मारू लागलं, जीपवाल्यानं हॉर्न दिला. तानाबाई उठली आणि न तुडवलेला कोपरा घाईघाईनं उपटायला लागली. "लय उपकार झाले माय," ती बसलेल्या आवाजात म्हणाली.

मॅडम निघाल्या, तर हर्षल मागोमाग आला. मोबाइल खिशात गेल्यामुळे हातांचं काय करावं, हे त्याला कळत नव्हतं.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "खरंच कोनी नाही? मले तं वाटे, असन कोनीतरी."

चपला घालता घालता पंजाबराव थांबले. त्यांच्यामागे आणखी दोघं-तिघं थांबले आणि कान देऊन उभे राहिले. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हर्षलकडे.

"नाही बाबा," त्या म्हणाल्या. "घरी जा."